विहीणबाईंचं झाड आणि कलम चार

झाड मेलं आहे की नुसतं रुसलं आहे, यावरून घरात दोन पक्ष पडले होते. बायकोच्या मते ते मेलं होतं. तिला तसं म्हणायचा अधिकारही होता, कारण हायड्रेंजियाची पानं हात लावताच चुरा होऊन गॅलरीभर पसरत होती आणि तो चुरा झाडून काढायचं काम तिच्याकडे आलं होतं. नवऱ्याच्या मते अजून आशा होती. या आशेला कसलाही आधार नव्हता. पण झाड मेलं असं एकदा कबूल केलं की पुढचा प्रश्न 'विहीणबाईंना कोण सांगणार' हा होता, आणि त्या प्रश्नापर्यंत जायची त्यांची तयारी नव्हती.

नवरा म्हणजे पाणीवाले. इमारतीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत, कारण ते पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक होते. नळाला पाणी कमी येवो, गढूळ येवो की येऊच नये, लोक जिन्यात त्यांनाच गाठत. जणू धरणाची किल्ली त्यांच्या खिशात असते आणि घरी येताना ते ती चुकून बरोबर आणतात. पाणीवाले वरवर वैतागत, पण मनातून त्यांना ते आवडत असे. कुणी अडवलं नाही तर ते जिन्यात जरा रेंगाळत. अशा माणसाच्या घरी एक झाड पाण्यावाचून वाळलं होतं, आणि ही बातमी अजून तरी दाराच्या आत होती.

झाड लेकीच्या सासूबाईंचं. विहीणबाई मोठ्या मुलाकडे दोन महिन्यांसाठी निघाल्या होत्या, आणि जाताना धाकट्या मुलाला आणि सुनेलाही बरोबर नेणार होत्या. मागे झाडाचं काय करायचं? विहीणबाईंच्या मनात ते एका रोपवाटिकेत ठेवायचं होतं. जावईबापूंच्या मनात काहीच नव्हतं, ते त्यांच्या स्वभावातच नाही. आणि तेव्हा लग्न झाल्यापासून त्या घरात 'हो आई' आणि 'चालेल आई' याखेरीज फारसं काही न बोललेली लेक म्हणाली होती, "माझे बाबा सांभाळतील."

त्या घरात तिने स्वतःहून मांडलेलं हे पहिलं मत. तिच्या आईला हे फोनवर कळलं तेव्हा ती आनंदाने दोनदा सांडशी चुकीच्या भांड्याला लावून बसली. म्हणजे झाड जगलं तर लेकीचा शब्द जगणार होता, आणि मेलं तर पुढची कित्येक वर्षं त्या घरात प्रत्येक गोष्टीत कुणीतरी सौम्यपणे म्हणणार होतं, 'अगं, मागे त्या झाडाचं नाही का झालं...'

विहीणबाई झाड स्वतः घेऊन आल्या होत्या. गाडीत पुढच्या सीटवर कुंडी होती, तिला पट्टा लावलेला होता, आणि विहीणबाई मागे बसल्या होत्या. टपोऱ्या निळ्या फुलांचे ते झुबके पाहून पाणीवाले नकळत उभे राहिले.

"एक सांगून ठेवते," विहीणबाई म्हणाल्या. "आपण पितो तेच पाणी घालायचं याला. भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं असलं काही नको. आमच्याकडे झाडांनासुद्धा उष्टं कुणी देत नाही."

"छे छे, भलतंच काय," पाणीवाले म्हणाले. "आणि पाण्याची आमच्याकडे काय कमी?"

हे वाक्य त्यांनी खात्याच्या वतीने उच्चारलं होतं. खात्याने पुढच्याच आठवड्यात ते खोटं पाडलं. धरणातला साठा घटला, दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि नागरिकांसाठी एक सूचनापत्रक काढायचं ठरलं. मसुदा करायचं काम पाणीवाल्यांकडे आलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण त्या पत्रकाबद्दल पाणीवाल्यांच्या मनात जो भाव होता तो साध्या सरकारी कागदाबद्दलचा नव्हता. त्यांनी त्याचे चार खर्डे केले होते. पहिली दोन कलमं गाड्या आणि अंगणं धुण्याबद्दल होती. ती कुणालाही सुचली असती. तिसरं होतं, 'पिण्याचे पाणी झाडांना घालू नये.' पण चौथं कलम ही त्यांची खास निर्मिती. 'घरगुती वापर झालेले पाणी साठवून ते शौचालय, फरशी अथवा झाडे यांसाठी पुन्हा वापरावे.' त्यातल्या 'अथवा'वर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली होती. पाचवं कलम असं, की उल्लंघन आढळल्यास संबंधितांची नळजोडणी आठवडाभर खंडित करण्यात येईल. मोठे साहेब म्हणाले, "शेवटचं जरा कडक होतंय का?" पाणीवाले म्हणाले, "कडकच पाहिजे, साहेब." पत्रक छापून आल्यावर त्याची एक प्रत त्यांनी स्वतः खळ लावून इमारतीच्या जिन्यात चिकटवली, आणि दोन पायऱ्या मागे सरकून ती सरळ बसली आहे ना ते पाहिलं.

झाड वाळलं ते याच चौथ्या कलमापायी. पत्रक निघाल्या दिवशीच त्यांनी बायकोला बजावलं होतं, "आजपासून झाडाला नळाचं पाणी बंद. विहीणबाईंना काही सांगायची गरज नाही. भाजीचं, तांदळाचं धुतलेलं पाणी बादलीत साठवत जा." बायकोने ते तंतोतंत पाळलं. ती दिवसभर पाणी साठवी आणि बादली न्हाणीघराच्या दाराशी ठेवी. संध्याकाळी बादली रिकामी दिसे, म्हणून तिने असं धरलं की नवरा रोज झाडाला पाणी घालतो. आणि नवरा संध्याकाळी दाराशी भरलेली बादली पाही, झाडाचं पाणी घालून झालं आणि हे उरलं असं धरी, आणि कलमातल्या पहिल्या जागेचा मान राखून ती शौचालयात ओती. दोघंही रात्री आपलं कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपत. उन्हाच्या बाजूचा पडदा गॅलरीत कायम ओढलेला असे, त्यामुळे तिकडे कुणी पाहत नव्हतं. ज्या दिवशी पडदा धुवायला काढला, त्या दिवशी झाड दिसलं.

"तुम्ही रोज घालत होतात ना पाणी?" बायको म्हणाली.

"मी? तू घालत होतीस ना?"

पुढचा संवाद इथे देण्यासारखा नाही. त्यात पाणीवाल्यांच्या मूळ स्वभावापासून त्यांच्या आत्याच्या स्वभावापर्यंत बरीच माहिती आली, आणि झाडाचा उल्लेख फक्त सुरुवातीला होता.

दुसऱ्या दिवशी पाणीवाल्यांनी एक वाळकी फांदी कागदात गुंडाळली आणि खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे गेले. दाताच्याच डॉक्टरांकडे का, असं बायकोने विचारलं होतं. पाणीवाले म्हणाले की एक तर ते गुपित ठेवतात, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या खिडकीत निवडुंग आहे. बाहेर बाकावर गाल धरून बसलेल्या तीन रुग्णांच्या रांगेत पाणीवाले फांदी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी फांदीकडे पाहिलं, मग पाणीवाल्यांच्या जबड्याकडे पाहिलं, आणि सहानुभूतीने थोडं सरकून बसल्या.

डॉक्टरांनी फांदी दिव्याखाली धरली. ते काहीही पाहताना तोंडाने 'आ' करत, ती त्यांची सवयच झाली होती. मग त्यांनी एक बारीक अणकुचीदार हत्यार घेतलं आणि साल खरवडली.

"वर गेलंय सगळं," ते म्हणाले. "खाली बघू." बुडाकडे खरवडल्यावर तपकिरी सालीखाली हिरवा पातळ पदर दिसला. "हे बघा! मूळ जिवंत आहे. वरचं काढून टाकू, खालचं वाचतंय. कुंडीसकट बुडवून ठेवा पाण्यात. माती इतकी सुकली की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. आणि साबणाचं थेंबभरही पाणी नको."

पाणीवाल्यांना इतका हुरूप आला की निघताना त्यांनी सवयीने चूळ भरली.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः हत्यारांची पेटी घेऊन वर आले आणि त्यांनी झाड छाटलं. एकेका फांदीला "दुखणार नाही" असं म्हणत छाटलं. राहिले ते चार-पाच खुंट. बायकोने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "यापेक्षा आधीचं बरं दिसत होतं."

आता प्रश्न पाण्याचा. कुंडी बुडवायची तर मोठा टब भरून पाणी हवं, आणि पुढेही रोज बादलीभर हवं. दोन माणसांच्या घरात भाजीचं पाणी असं कितीसं निघणार? कपड्यांचं, भांड्यांचं पाणी साबणाचं. आणि नळाचं पाणी थेट घालणं हा विचारसुद्धा पाणीवाल्यांना शिवला नाही. लोकांना वाटतं, पत्रकं लिहिणारे स्वतः ती पाळत नाहीत. पाणीवाले पाळत. घरी, कुणी पाहत नसतानासुद्धा पाळत, आणि म्हणूनच त्यांच्याशी संसार करणं कठीण होतं. रात्रभर विचार करून सकाळी ते प्रसन्न चेहऱ्याने स्वयंपाकघरात आले.

"टब नळाखाली भर," ते बायकोला म्हणाले. "आणि त्यात एक बटाटा धू."

"एक?"

"एकच. कलमात संख्या दिलेली नाही. बटाटा धुतला की पाणी वापरलेलं झालं. वापरलेलं पाणी झाडाला चालतं."

बायकोने बटाटा घेतला, टबात बुडवला, बाहेर काढला. "आणि आता हा?"

"पुसून ठेव. उद्या लागेल."

अशा रीतीने त्या घरात रोज सकाळी बटाट्याची आंघोळ सुरू झाली. भाजी धुवायला लागणारं पाणी वाचवायच्या दिवसांत पाण्यासाठी भाजी धुतली जाऊ लागली, आणि यात काही विपरीत आहे असं पाणीवाल्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. काही दिवसांनी त्या घरात त्या बटाट्याइतकं स्वच्छ दुसरं कुणी नव्हतं. एका सकाळी बायकोने आतून "अहो, कोंब फुटला!" अशी हाक मारली, तेव्हा पाणीवाले दाढीच्या फेसासकट गॅलरीत धावले. कोंब बटाट्याला फुटला होता.

मधल्या काळात विहीणबाईंचा फोन आला, चेहरा दिसणारा. "जरा झाडाकडे न्या हो फोन. स्वप्नात आलं काल."

पाणीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फोन बायकोच्या हातात कोंबला. "ते आत्ता अंधारात ठेवलंय," बायको शांतपणे म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, विश्रांती द्या म्हणून."

"डॉक्टरांनी? तुम्ही डॉक्टर लावलात झाडाला?" विहीणबाईंच्या आवाजात प्रथमच आदर उमटला. पलीकडे, त्यांच्या खांद्यामागे, लेकीचा चेहरा दिसत होता. ती हसत होती, पण आईबापांना मुलांचं कोणतं हसू कसलं असतं ते कळतं. तिला शंका आली होती. फोन ठेवल्यावर पाणीवाले बराच वेळ गॅलरीत खुंटांसमोर बसून राहिले आणि जेवायला दोनदा बोलावल्यावर उठले.

आणि मग, बटाट्याच्या नंतर आठवड्याभराने, झाडालाही कोंब फुटला. बुडाशी, तांदळाच्या दाण्याएवढा. मग दुसरा. डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून वर येत, कोंबांना आरसा लावून पाहत आणि समाधानाने चहा पिऊन जात. पाणीवाल्यांनी आनंदाच्या भरात पाण्याचं प्रमाण थोडं वाढवलं, आणि ते जादा पाणी कुंडीच्या भोकातून, गॅलरीच्या कडेवरून, खालच्या गॅलरीत खुर्ची टाकून वाचत बसलेल्या हेडसरांच्या वर्तमानपत्रावर पडलं.

हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. उन्हाळ्यापूर्वी त्यांनी नळाच्या कमी दाबाबद्दल खात्याकडे तक्रार केली होती, आणि पाणीवाल्यांनी ती 'पाहणीत तथ्य आढळले नाही' असा शेरा मारून निकाली काढली होती. पाहणीला कुणीच आलं नव्हतं हे हेडसरांना माहीत होतं, कारण ते दिवसभर दारात खुर्ची टाकून वाट पाहत बसले होते. तेव्हापासून ते पाणीवाल्यांना पाण्यात पाहत.

वर्तमानपत्र भिजल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुख्याध्यापकी केलेला माणूस ओरडत नाही, तो वर कळवतो. जिन्यात पाणीवाले भेटले तेव्हा ते अदबीने म्हणाले, "तुमच्या पत्रकात आवाहन आहे ना, गैरवापर दिसल्यास कळवा म्हणून? मी कळवलंय. तुमचं नाव घातलेलं नाही हं. फक्त मजला आणि दार लिहिलंय."

"अहो, पण मला सांगायचं होतंत."

"तक्रार विभाग तुमच्याकडेच आहे ना? म्हणजे तुम्हालाच सांगितलंय."

तक्रार दुसऱ्या दिवशी पाणीवाल्यांच्या टेबलावर आलीच. आपल्याच घराविरुद्धची तक्रार आपल्याच हाताने उघडण्याचा प्रसंग फार थोड्या लिपिकांवर येतो. जुना शेरा लेखणीच्या टोकापर्यंत आला होता, हे इथे लपवायचं कारण नाही. पण तेवढ्यात टेबलापलीकडे नव्या तपासनीस बाई येऊन उभ्या राहिल्या. खात्यात नुकत्याच लागलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, आणि अजून प्रत्येक कागद वाचणाऱ्या.

"सर, ही तक्रार माझ्या भागातली आहे. उद्या दुपारीच बघून येते. पत्ता... सर, ही तर तुमची इमारत!"

"हो."

"मग बरंच झालं, शोधायला नको. आणि सर, सांगायचं राहिलं, तुमचं पत्रक आम्हाला प्रशिक्षणात अभ्यासाला होतं. कलम चार मला पाठ आहे." आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं. 'अथवा'वर योग्य तेवढ्याच थांबल्या. पाणीवाल्यांना एकाच वेळी धन्य वाटलं आणि घामही फुटला.

पण खरं पाहता त्यांना घाबरायचं कारण नव्हतं. नियम त्यांच्या बाजूने होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि घरी तालीम घेतली. तपासनीस बाई विचारणार, कोणतं पाणी घालता. आपण सांगणार, वापरलेलं. त्या म्हणणार, पुरावा? मग बायकोने आतून बशीत बटाटा आणायचा.

"मी बशीत बटाटा घेऊन उभी राहू? सरकारी माणसांसमोर?"

"नुसती उभी राहा. बोलायचं मी बघतो."

दुपारी तपासनीस बाई आल्या. बरोबर पाना आणि बूच घेतलेला फिटर होता, नियमाप्रमाणे असावा लागतो म्हणून. मागोमाग फिर्यादी या नात्याने हेडसर आले, आणि उपचार करणारे डॉक्टर या नात्याने दाताचे डॉक्टर आले. तेवढ्या लहान गॅलरीत सगळे कुंडीभोवती दाटीने उभे राहिले. झाड आता वीतभर झालं होतं. पानं कोवळी, हिरवीगार, आणि खालची माती चांगली ओली होती. तपासनीस बाईंनी मातीला बोट लावलं.

"सर, विचारावं लागतंय म्हणून विचारते. याला पाणी—"

दाराची घंटा वाजली. बायकोने बशी हातात घेऊनच दार उघडलं. दारात विहीणबाई होत्या. एका हातात प्रवासी बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. "चार दिवस आधीच निघालो. ती दोघं सामान घेऊन घरी गेली, मी म्हटलं आधी झाड," असं म्हणत त्या बशीला वळसा घालून थेट गॅलरीत शिरल्या आणि तिथली गर्दी पाहून थबकल्या.

"काय झालंय? गेलं की काय?"

"नाही नाही," डॉक्टर म्हणाले. "वरचं काढावं लागलं, पण मूळ शाबूत आहे."

"चौकशी आहे," हेडसर म्हणाले. "पाण्याची."

तपासनीस बाईंना विहीणबाई कोण ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी प्रश्न बदलला नसता. "सर, या झाडाला वापरलेलं पाणी घालता, की नळाचं, पिण्याचं?"

"हो," विहीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "मलाही ऐकायचंय."

पाणीवाल्यांची इतक्या वर्षांची नोकरी होती, आणि तिच्यावर ओरखडा नव्हता. एकदाही उशिराचा शेरा नाही, एकदाही खुलासा मागवलेला नाही. खरं उत्तर त्यांच्या ओठांवर होतं, आणि ते संपूर्ण कायदेशीर होतं. वापरलेलं पाणी, कलम चार, हा बटाटा. एवढं म्हटलं की फिटर पाना गुंडाळून निघून जाणार होता. आणि विहीणबाई कुंडी उचलून, एक अक्षर न बोलता, घरी जाणार होत्या, जिथे लेक सामान लावत बसली असेल. त्या तिलाही काही बोलणार नव्हत्या. पुन्हा कधी काही विचारणारही नव्हत्या.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती गॅलरीच्या दारात बशी धरून उभी होती. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग मागे वळली आणि बशी घेऊन आत गेली.

"नळाचं," पाणीवाले म्हणाले. "आपण पितो तेच. पहिल्या दिवसापासून रोज."

तपासनीस बाईंचा चेहरा पडला. "सर, नीट आठवून सांगा. भाजी धुतलेलं वगैरे असेल. तसं असलं तर कलम चार—"

"भाजी धुतलेलं?" पाणीवाले जवळजवळ दुखावल्या आवाजात म्हणाले. "विहीणबाईंच्या झाडाला? भलतंच काय."

"अहो, जाऊ द्या," हेडसर अचानक म्हणाले. त्यांना इतकं स्वच्छ यश अपेक्षित नव्हतं. "चार थेंब तर पडले होते. पेपरही कालचाच होता."

"नाही, सर. तक्रारीत तथ्य आढळलं आहे," पाणीवाले म्हणाले. हे वाक्य लिपिक म्हणून त्यांनी आयुष्यात फार क्वचित लिहिलं होतं.

फिटर खाली मीटरपाशी गेला. पाना फिरल्याचा आवाज वरपर्यंत आला. मग बूच बसलं, आणि स्वयंपाकघरातला नळ एकदा खाकरून गप्प झाला. तपासनीस बाईंनी जाताना पाणीवाल्यांसमोर मान खाली घातली. "शेवटचं कलम फार कडक आहे, सर."

"चांगलं आहे. राहू द्या," पाणीवाले म्हणाले. आतून त्यांना रडू येत होतं. खात्यात उद्या ही गोष्ट प्रत्येक टेबलावर फिरणार होती. पत्रक लिहिणाऱ्याचाच नळ तुटला, म्हणून लोक चहाच्या टपरीवर मांड्या थोपटून हसणार होते, आणि त्यांतल्या एकालाही खरं सांगता येणार नव्हतं.

विहीणबाई झाडापाशी वाकून उभ्या होत्या. त्यांनी एक पान बोटाने उचललं, पुन्हा सोडलं. "माझ्या झाडापायी नळ तोडून घेतलात?" एवढंच त्या म्हणाल्या. पाणीवाले छताकडे पाहू लागले. विहीणबाई निघाल्या तेव्हा बायकोने त्यांच्याबरोबर कुंडी जिन्यावरून खाली नेली. टॅक्सीत कुंडी पुढे बसली, विहीणबाई मागे.

त्यानंतर काय काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. डॉक्टरांनी दवाखान्यातून पाण्याचा कॅन पाठवला. हेडसरांनी बादली भरून स्वतः जिना चढवली, दारात ठेवली, घंटा वाजवली आणि कुणी दार उघडायच्या आत खाली निघून गेले. बायकोने घरातल्या सगळ्या भांड्यांत मिळेल तिथून पाणी भरून ठेवलं आणि नवऱ्याला एका शब्दानेही बोलली नाही. पाणीवाल्यांना तिच्या बोलण्याची सवय होती. न बोलण्याने ते अस्वस्थ झाले. शेवटी चहाचा कप समोर ठेवताना ती म्हणाली, "बरं केलंत," आणि आत गेली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, आई घरी आल्यापासून सगळ्यांना एकच सांगतायत. शेजारी, मोठे दीर, दूधवाला, कुणाला सोडलं नाही. आमच्या व्याह्यांनी झाडासाठी नळ तोडून घेतला, पण उष्टं पाणी घातलं नाही."

"हं," पाणीवाले म्हणाले.

"बाबा, एक विचारू? मी लहानपणी दात घासताना नळ सोडला की तुम्ही बाहेरून मेन कॉक बंद करायचात. आणि तुम्ही टंचाईत नळाचं पाणी झाडाला घातलंत?"

"घातलं."

"बाबा."

"अगं, घातलं म्हणतोय ना. खात्यात नोंद आहे."

पलीकडून नाक ओढल्यासारखा एक आवाज आला. मग ती म्हणाली, "आत्ता आई मला विचारत होत्या. बैठकीच्या खोलीला नवे पडदे घ्यायचेत, कुठल्या रंगाचे घेऊ या. मला विचारलं, बाबा."

"मग? काय म्हणालीस?"

"मी निळे म्हटलं. त्यांना पिवळे हवे होते."

"मग?"

"उद्या निळे आणायला जातोय."